पेशीची वाट एकेरी आहे का? पुनर्जननाच्या संशोधनाची पार्श्वभूमी

मूलपेशी म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशी. त्यांच्या बातम्या बहुतेक वेळा २००६ सालापासून सुरू होतात, फार तर १९९८ पासून. त्याआधीची अडीचशे वर्षं गाळली जातात आणि मला त्याचं वाईट वाटतं. आज प्रयोगशाळांमध्ये ज्या प्रश्नाशी झटापट चालू आहे, तो त्याच काळात मांडला गेला होता, तोही साधं भिंग, कात्री आणि केसाचा फास एवढ्या सामग्रीवर. प्रश्न असा: एकाच पेशीपासून सुरू झालेल्या शरीरात कुठली पेशी स्नायूची, कुठली त्वचेची, कुठली मेंदूची हे कधी आणि कसं ठरतं? आणि एकदा ठरलं की ते बदलतं का?

१७४० साली अब्राहम ट्राँब्ले हा जिनिव्हाचा तरुण हॉलंडमध्ये हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांचा शिक्षक होता. पाणवनस्पतींवर त्याला बारीक हिरवे जीव दिसले. ती वनस्पती की प्राणी हे ठरेना. त्यांच्या भुजांची संख्याही सारखी नव्हती, कुणाला सहा तर कुणाला आठ. ट्राँब्लेने सरळ विचार केला: कापून बघू. दोन्ही तुकडे जगले तर ती वनस्पती, कारण फांदी तोडून लावली तर रुजते. तुकडे जगले. पण त्यातून वाढले ते चालणारे, आकुंचन पावणारे, भक्ष्य पकडून खाणारे दोन पूर्ण प्राणी. डोकं उभं चिरलं तर एकाच धडावर अनेक डोकी आली. ग्रीक पुराणातल्या अनेक डोक्यांच्या सर्पाचं नाव, हायड्रा, पुढे या जीवाला कायमचं चिकटलं.

या साध्या निरीक्षणाने युरोपात एवढी खळबळ का माजली, हे समजायला त्या काळातली एक पक्की समजूत माहीत हवी. जीव नव्याने घडत नाही, तो बीजात आधीच तयार असतो आणि फक्त मोठा होतो, असं बहुसंख्य अभ्यासक मानत. निकोलास हार्टसूकरने १६९४ मध्ये शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस रेखाटला, तो याच विचारातून. आता असा घडी घातलेला प्राणी बीजात असेल, तर कात्रीने कापलेल्या धडातून नवं डोकं येतं कुठून? कापणारा नेमकं कुठे कापणार, हे बीजाला आधीच कसं ठाऊक असणार? रेओम्यूरने १७१२ मध्ये कवचधारी क्रेफिशचे तुटलेले पाय पुन्हा येतात हे दाखवलं होतं आणि लाझारो स्पालान्झानीने १७६८ मध्ये सॅलॅमँडरचे (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याचे) पाय, शेपटी, जबडा पुन्हा वाढल्याची नोंद केली. कोवळ्या वयात ही क्षमता अधिक असते, असंही त्याच्या लक्षात आलं होतं. ही नोंद लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या बाजूने काम चालू होतं ते कोंबडीच्या अंड्यावर. कास्पार फ्रीडरिश वोल्फने १७५९ मध्ये लिहिलं की सुरुवातीला अंड्यात कुठलाही अवयव नसतो, ते एकामागून एक घडत जातात. आतडं सपाट पापुद्र्याला घडी पडून तयार होतं, हे त्याने पुढे दाखवलं. त्याचं फार कुणी ऐकलं नाही. १८१७ मध्ये पांडरने भ्रूणाचे थर ओळखले आणि फॉन बेअरने १८२७ मध्ये सस्तन प्राण्याचं अंडं प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा वोल्फची बाजू सिद्ध होत गेली. श्लायडेन, श्वान, रेमाक आणि फिर्खो यांच्या कामातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पेशीसिद्धांत उभा राहिला: पेशी पेशीपासूनच जन्मते आणि अंडंही एक पेशीच.

इथे प्रश्न अधिक टोकदार झाला. एकच पेशी दुभंगत जाते, मग तिच्या वंशातल्या पेशी इतक्या वेगळ्या कशा? ऑगस्ट वाइझमानचं उत्तर ऐकायला सोपं होतं: प्रत्येक विभाजनात आनुवंशिक वारसा वाटला जातो. स्नायूच्या पेशीला स्नायूपुरतं मिळतं, त्वचेच्या पेशीला त्वचेपुरतं. विल्हेल्म रू याने १८८८ मध्ये बेडकाचा दोन पेशींचा भ्रूण घेतला, तापवलेल्या सुईने एक पेशी मारली आणि उरलेल्या पेशीतून अर्धा भ्रूण वाढताना पाहिला. वाटणी सिद्ध झाली, असं वाटलं.

तीन वर्षांनी हान्स ड्रीशने सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या भ्रूणाच्या दोन पेशी जोरात हलवून वेगळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी त्याला अर्ध्या अळ्या दिसायला हव्या होत्या. दिसल्या त्या आकाराने लहान, पण पूर्ण अळ्या. दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या थेट विरोधात, आणि दोघांची निरीक्षणं मात्र खरी! फरक एवढाच होता की रूने मारलेली पेशी जिवंत पेशीला चिकटलेलीच राहू दिली होती. १९१० मध्ये बेडकाचीच एक पेशी पूर्ण काढून टाकली गेली, तेव्हा उरलेलीतून अखंड भ्रूण वाढला. म्हणजे शेजारी कोण आहे, मेलेलं का असेना, यावरून पेशी आपण अर्धा भ्रूण की पूर्ण हे ठरवत होती. विज्ञानात नकारात्मक निकालाची किंमत काय असते, हे मला याइतकं स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसलं नाही. ड्रीश मात्र आपल्याच निकालाने इतका चक्रावला की यामागे यंत्रासारखी कुठलीही रचना असू शकत नाही असं ठरवून तो तत्त्वज्ञानाकडे वळला.

शेजाऱ्याचा पेशीवर असणारा हा प्रभाव हातात पकडला तो हिल्डे मँगोल्डने. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हान्स श्पेमानच्या हाताखाली ती पीएचडी करत होती. तिने फिकट रंगाच्या न्यूटच्या (सॅलॅमँडरच्याच एका प्रकाराच्या) भ्रूणातून, ज्या जागी पेशी आत वळू लागतात तिथल्या वरच्या कडेचा, म्हणजे ‘ओठा’चा, कणभर तुकडा काढला आणि गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या भ्रूणात, पोट होणार होतं त्या बाजूला बसवला. तिथे दुसरा भ्रूण उभा राहिला, पाठीचा कणा आणि मज्जारज्जूसह, पहिल्याला जोडलेला. रंगामुळे कुठली पेशी कुणाची हे ओळखता येत होतं, आणि नव्या मज्जारज्जूतल्या पेशी बहुतेक यजमानाच्याच, म्हणजे गडद भ्रूणाच्याच होत्या. बाहेरून आलेला तुकडा स्वतः शरीर बनला नव्हता, त्याने शेजाऱ्यांना बनायला लावलं होतं. प्रतिजैविकं नसलेल्या त्या काळात असे भ्रूण जगायचे ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शोधनिबंध १९२४ मध्ये आला. त्याच वर्षी घरातल्या अपघातात भाजून हिल्डेचा मृत्यू झाला, वय २५. १९३५ चं नोबेल श्पेमानला मिळालं. या तुकड्याचा उल्लेख आजही अनेकदा फक्त श्पेमानच्या नावाने होतो. ते थांबायला हवं.

हा तुकडा नेमकं काय सांगतो याचा शोध घेण्यात पुढची कैक दशकं गेली. उत्तर १९९० च्या दशकात नॉगिन आणि कॉर्डिन या प्रथिनांच्या रूपात मिळालं, आणि ते उफराटं निघालं. हे रेणू ‘मज्जासंस्था हो’ असं सांगत नाहीत. आसपासच्या पेशींना ‘त्वचा हो’ असं सांगणारा जो संदेश सतत मिळत असतो, तो ते अडवतात. संदेश अडला की पेशी मज्जासंस्थेच्या वाटेला लागते.

शेजारी बोलतात हे कळलं, पण वाइझमानची वाटणी अजून पूर्ण खोडली गेली नव्हती. मोठ्या, पक्क्या झालेल्या पेशीच्या केंद्रकात सगळा वारसा शिल्लक असतो का? १९५२ मध्ये ब्रिग्ज आणि किंग यांनी कोवळ्या भ्रूणातलं केंद्रक बेडकाच्या, स्वतःचं केंद्रक काढून रिकाम्या केलेल्या अंड्यात घालून टॅडपोल (बेडकाची शेपटीवाली पिल्लं) वाढवले. भ्रूण जसजसा मोठा, तसतसं यश कमी होत गेलं, म्हणून वारसा हळूहळू बंद होतो असं त्यांना वाटलं. ऑक्सफर्डमध्ये जॉन गर्डनने आफ्रिकी झेनोपस बेडूक घेतला आणि टॅडपोलच्या आतड्याच्या पेशीचं केंद्रक वापरलं. शेकडो प्रयत्नांतून मोजकेच टॅडपोल पूर्ण वाढले, पण वाढले. १९६२ चा हा निबंध अनेकांनी बराच काळ संशयानेच पाहिला. १९९६ मध्ये डॉली मेंढी जन्मली, प्रौढ मेंढीच्या स्तनग्रंथीतल्या पेशीपासून, २७७ अंड्यांच्या प्रयत्नांतून एकच. वारसा कुठेही हरवत नाही. पेशी त्यातली काही पानं मिटून ठेवते, इतकंच. विभेदन म्हणतात ते हेच.

मूलपेशीची कथा वेगळ्या दारातून आली. शरीरात रोजची झीज भरून निघते, त्यामागे कोण आहे? टोरँटोत टिल आणि मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्गाने अस्थिमज्जा नष्ट झालेल्या उंदरांना निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या. दहा दिवसांनी प्लीहेवर गाठी दिसल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी. एकेक गाठ एकाच पेशीची प्रजा आहे आणि त्या प्रजेत अनेक प्रकारच्या रक्तपेशी आहेत, हे पुढे स्पष्ट झालं. रुग्णांवर अस्थिमज्जा रोपणाचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. १९८१ मध्ये उंदराच्या आणि १९९८ मध्ये माणसाच्या भ्रूणातल्या मूलपेशी काचपात्रात वाढवता आल्या.

मग क्योतोमध्ये शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी भ्रूणपेशींत जागी असणारी २४ जनुकं निवडली आणि ती सगळी एकदम उंदराच्या साध्या त्वचापेशीत घातली. भ्रूणपेशींसारख्या पेशींच्या वसाहती दिसल्या. नंतर एकेक जनुक वगळून पाहिलं: कुणाच्या नसण्याने अडतं? चार उरली. २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसात हे दाखवलं गेलं. अंड्याशिवाय, भ्रूणाशिवाय पेशी मागे फिरली होती. २०१२ चं नोबेल यामानाका आणि गर्डन यांना एकत्र मिळालं, ते याच धाग्यासाठी. त्या चारांपैकी एक जनुक कर्करोगाशी जोडलेलं आहे आणि उपचारांची गती सावध असण्यामागचं ते एक मोठं कारण आहे. २०१४ मध्ये जपानमध्ये अशा पेशींपासून वाढवलेला पापुद्रा प्रथमच एका वयस्कर रुग्णाच्या डोळ्यात, दृष्टिपटलाखाली बसवला गेला.

सॅलॅमँडरला मात्र यातलं काही शिकावं लागत नाही. पाय तुटला की जखमेवर त्वचा सरकते, खाली पेशींचा उंचवटा तयार होतो आणि त्यातून हाड, स्नायू, बोटं जागच्या जागी येतात. या उंचवट्यातल्या पेशी सगळं विसरून पुन्हा कोऱ्या होतात, असा बराच काळ समज होता. २००९ मध्ये ॲक्सोलोटल या सॅलॅमँडरच्या वेगवेगळ्या ऊतींना चमकणारी खूण करून पाहिलं, तर स्नायूपासून आलेल्या पेशी स्नायूच बनवत होत्या. त्या मागे फिरतात, पण थोड्याच. याउलट न्यूटच्या डोळ्यातलं भिंग काढलं तर नवं भिंग बुबुळाच्या रंगीत पेशींपासून येतं, म्हणजे एक पक्की पेशी थेट दुसऱ्या प्रकारची होते. हे १८९० च्या दशकापासून माहीत आहे. एकाच सॅलॅमँडर गटातले हे प्राणी दोन वेगळ्या वाटा वापरतात.

आपलं यकृत मोठा भाग कापला तरी आकारमान भरून काढतं, मात्र कापलेला खंड पुन्हा उगवत नाही, उरलेलाच फुगतो. हृदयाचं तसं नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा (किरणोत्सारी कार्बनचा) माग घेऊन २००९ मध्ये मोजलं गेलं, की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का हृदयपेशी बदलतात आणि वयाबरोबर हे प्रमाण आणखी घटतं. दोन वर्षांनी उंदरांवर झालेला प्रयोग तर स्पालान्झानीच्या त्या जुन्या नोंदीची आठवण करून देतो. एक दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं, तर ते स्नायूसकट पुन्हा वाढलं. सात दिवसांच्या पिल्लात त्याच जागी फक्त व्रण उरला.