रोहिताची मान आणि आठ शेजारी

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे पावणेसात. नवी मुंबईत सीवूड्सला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे जी पाणथळ आहे, तिच्या काठावर मी मोबाइल घेऊन उभी होते. भरतीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवली होती. ठाण्याच्या खाडीत पाणी चढलं की चिखल बुडतो आणि तिथे चरणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उडून अशा उथळ पाण्यावर येऊन थांबतात, हे आता नवी मुंबईतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. धुकं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. एक पक्षी थवा सोडून बऱ्यापैकी जवळ आला. मी फोटो काढला.

घरी येऊन पाहते तर सगळं भिजत घातलेल्या कपड्यांसारखं करडं. मग सगळेच करतात तेच मीही केलं. रंग चढवला, कडा ठळक केल्या, अंधुक उजेडामुळे आलेले दाणे पुसले आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लाल बदामांचा पाऊस पडला. आईने मात्र चष्मा वर करून विचारलं, "याच्या मानेला ट्यूबलाइट लावलीये का गं?" आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. गेली कित्येक वर्षं ते दुर्बीण गळ्यात घालून खाडीवर हिंडतात. म्हणाले, "अगं, तो मोठा रोहित की धाकटा? अंगकाठी मोठ्याची आणि रंग धाकट्याचा, असं कसं? आणि मागे तिवरांपाशी काहीच नव्हतं? भरतीला तिथे बसतातच ते."

दोघांच्या शंकांना एकच उत्तर होतं, ते म्हणजे मी केलेली आकडेमोड. आकडेमोडच म्हणायला हवं, कारण फिल्टर नावाच्या बटणामागे कुंचला नसतो, गणित असतं, आणि तेही बहुतेक वेळा सहावी-सातवीतलं.

डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. माझ्या फोटोत आडवे ४,००० आणि उभे ३,००० असे चौकोन होते, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तेवढ्यात १,६७,७७,२१६ रंग बसतात. हा खेळ सुरू झाला तो १९५७ साली, तोही एका बापाच्या हौसेतून. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा छापील फोटो यंत्रावर चढवला आणि त्याचे १७६ गुणिले १७६ चौकोन संगणकात भरले. एकूण ३०,९७६. संगणकात शिरलेला पहिला फोटो कुठल्या रॉकेटचा नव्हता, घरच्या बाळाचा होता, हे मला फार आवडतं.

"मी फिल्टर वापरतच नाही" असं अभिमानाने सांगणारी माणसं प्रत्येक ग्रुपवर असतात. त्यांनी एक गोष्ट ऐकावी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या पटलाला, म्हणजे सेन्सरला, रंग कळत नाही, फक्त उजेड किती पडला ते कळतं. म्हणून त्याच्या प्रत्येक कणावर एकेक रंगीत काच बसवलेली असते, अर्ध्या कणांवर हिरवी, पाव कणांवर लाल, पाव कणांवर निळी. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. हिरव्याला दुप्पट जागा का, तर आपल्या डोळ्याला उजेडातला फरक हिरव्यातच सगळ्यात जास्त जाणवतो. आता माझ्या पक्ष्याचा विचार करा. गुलाबी रंगाचा जीव लाल आकड्यात, आणि लाल खरोखर मोजला गेला तो चारांतल्या एका कणावर. उरलेल्या तीन ठिकाणी फोनने शेजाऱ्यांकडे बघून अंदाज बांधला. म्हणजे बटण दाबायच्या आधीच, कॅमेऱ्याच्या आतच दोन-तृतीयांश आकडे अंदाजाचे असतात. बिनफिल्टरचा फोटो शोधायला निघालात तर रिकाम्या हाताने परत याल.

आता काकांचा पहिला प्रश्न. मानेवरच्या एका पिक्सेलचे मूळ आकडे होते लाल २१४, हिरवा १९०, निळा १९२. म्हणजे जवळजवळ पांढरा, गुलाबीची नुसती चाहूल. रंग चढवणारा फिल्टर आधी या पिक्सेलचा करडेपणा काढतो. तीन आकड्यांची सरळ सरासरी मात्र घेत नाहीत. लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७, निळ्याचे ०.११४ असे हिस्से धरतात, आणि इथेही हिरव्याला झुकतं माप का, ते वर आलंच आहे. उत्तर येतं १९७. मग प्रत्येक रंग या १९७ पासून किती लांब आहे ते बघायचं: लाल १७ ने वर, हिरवा ७ ने खाली, निळा ५ ने खाली. रंग दुप्पट करायचा म्हणजे ही अंतरं दुप्पट करायची. झाले २३१, १८३, १८७. छान गुलाबी. पण माझा अंगठा काही दुपटीवर थांबला नव्हता. चौपट केलं की लाल होतो २६५, आणि २५५ च्या वर जागाच नाही. मग फोन मुकाट्याने २५५ लिहितो. शेजारच्या पिसाचा लाल २८० निघाला, तोही २५५. पलीकडचा २७२, तोही २५५. तीन पिसांत जो फरक होता तो संपला, आणि नंतर स्लायडरची पट्टी मागे ओढली तरी परत येत नाही, कारण तीन २५५ मधला कुठला कोणाचा हे सांगायला काहीच उरलेलं नसतं. गुलाबजामाच्या पाकात साखर जास्त पडली तर पाणी घालता येतं. इथे पाणी घातलं तर तीनही पिसं सारखीच फिकी होतात.

मोठा रोहित अंगाने पांढरट आणि चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. धाकटा बुटका, गडद गुलाबी आणि चोच काळपट लाल. मी मोठ्याला रंगवून धाकटा करून ठेवला होता. गंमत म्हणजे पक्ष्याचा रंगही त्याचा जन्मजात नसतोच. पिल्लं करडी असतात. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन त्यांतली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पिसांत उतरतात, तेव्हा कुठे हा पक्षी आपल्या रोहित आणि अग्निपंख या नावांना जागतो. त्याला या छटेपर्यंत पोचायला वर्षं लागतात. मला चार सेकंद लागली.

नावं असलेले तयार फिल्टर याहून सोपे असतात. २५६ घरांचा एक तक्ता असतो: आत ४० आलं तर बाहेर ३१ द्या, २०० आलं तर २१२ द्या. लालाचा तक्ता वेगळा, हिरव्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा. प्रत्येक पिक्सेल एकटाच खिडकीवर येतो, आपला आकडा बदलून घेतो आणि निघून जातो. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आलं, तेव्हा त्यावरचे कित्येक फिल्टर जुन्या फिल्मच्या चुकांची नक्कल करणारे होते. एक्स-प्रो नावाचा फिल्टर तर एका जातीच्या फिल्मला दुसऱ्या जातीच्या रसायनात धुतल्यावर जो रंगांचा गोंधळ उडतो, त्याची नक्कल. सेपियाचंही तेच. जुन्या फोटोतली चांदी गंधकाशी जोडून सिल्व्हर सल्फाइड केली की ती तपकिरी होते आणि जास्त टिकते. आजी-आजोबांचा लग्नातला फोटो तपकिरी दिसतो त्यामागे असा टिकाऊपणाचा हिशेब असू शकतो. सेपिया हा शब्द मात्र कटलफिशच्या शाईवरून आलेला. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात माकूळ विकायला असते, तिचा हा जातभाई.

आईचा ट्यूबलाइटचा प्रश्न दुसऱ्या घराण्यातला. इथे पिक्सेल एकटा नसतो. तो आणि त्याचे आठ शेजारी, असा तीन बाय तीनचा चौकोन घेऊन हिशेब होतो. मानेची कड ओलांडणारी एक ओळ बघू. सोपं जावं म्हणून गोल आकडे घेते. पाण्याचा उजेड ९०, मानेचा २००. ओळ अशी: ९०, ९०, ९०, २००, २००, २००. कड इतकी सरळ असेल तर वरच्या आणि खालच्या ओळीतही हेच आकडे, म्हणून एकाच ओळीवर भागतं. प्रत्येकाच्या जागी तो आणि दोन्हीकडचे शेजारी यांची सरासरी लिहा. मधले दोन बदलतात: ९०, ९०, १२७, १६३, २००, २००. कड पुसट झाली, उडी मारायच्या जागी जिना आला. धूसर करणारा साध्यातला साधा फिल्टर तो हाच.

आता खरी करामत. मूळ ओळीतून ही पुसट ओळ वजा करा. सगळीकडे शून्य, फक्त कडेवर उणे ३७ आणि अधिक ३७. म्हणजे कड कुठे आहे ते आपोआप सापडलं. हा फरक मूळ ओळीत मिळवा: ९०, ९०, ५३, २३७, २००, २००. पाण्याच्या बाजूला एक काळी रेघ, मानेच्या बाजूला एक पांढरी रेघ, आणि डोळ्याला वाटतं, वा, काय धारदार आलाय फोटो! फोटो धारदार करायला आधी तो पुसट करावा लागतो. काट्याने काटा काढणं ते हेच. ही युक्ती संगणकाचीही नाही. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम पुसट प्रत काढून ती मूळ निगेटिव्हला जोडत, आणि म्हणून आजही अ‍ॅपमध्ये या फिल्टरचं नाव 'अनशार्प मास्क' असं उलटं आहे. मी ती पट्टी शेवटपर्यंत ओढली होती. २३७ च्या जागी थेट २५५ आले, आणि आईला ट्यूबलाइट दिसली.

मग डोळा का फसतो? कारण तो स्वतःही हाच उद्योग करतो. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवलं की करड्याच्या दोन छटा जिथे भेटतात तिथे माणसाला कडेला एक जास्त उजळ आणि एक जास्त गडद पट्टा दिसतो, कागदावर नसलेला. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या खेकड्याच्या डोळ्यावर प्रयोग करून हाल्डन केफर हार्टलाइन यांनी पुढे त्यामागचं कारण शोधलं. डोळ्यातला एक घटक चेतला की तो शेजाऱ्यांना थोडं दाबतो. म्हणजे पुन्हा शेजाऱ्यांची वजाबाकीच. त्यांना १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

उरला काकांचा दुसरा प्रश्न, तिवरांपाशी काहीच कसं नाही. यात मी जरा जास्तच कामसूपणा केला होता. पहाटेचा उजेड कमी असला की फोटोत दाणे येतात. गच्चीवर वाट्या मांडून ठेवा. मुसळधार पावसात सगळ्या सारख्याच भरतील, पण चार थेंब पडले तर एका वाटीत तीन, शेजारच्या वाटीत एकही नाही. प्रकाशही असाच कणाकणाने येतो, म्हणून अंधुक फोटोत शेजारशेजारचे पिक्सेल उगाच वेगवेगळे दिसतात. शिवाय पटलाचा स्वतःचा गोंधळ असतोच, अधूनमधून एखादा कण भलताच आकडा सांगतो. पाण्यावरच्या नऊ पिक्सेलचे आकडे समजा असे: ९२, ८८, ९५, ९०, २५५, ९१, ८७, ९३, ८९. मधला २५५ उघडच खोटा. सरासरी काढली तर येते १०९, म्हणजे एका खोटारड्यामुळे उरलेल्या आठ जणांचंही बोलणं बिघडलं. आठ घरांचं वीजबिल हजाराच्या आतबाहेर आणि नवव्याकडे पाच एसी असले, की सोसायटीची सरासरी जशी निरर्थक होते तसं. त्याऐवजी नऊ आकडे चढत्या क्रमाने लावा आणि बरोबर मधला उचला. ९१. खोटारडा रांगेच्या टोकाला गेला, त्याला कोणी विचारलंच नाही. जॉन ट्यूकी या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आकड्यांच्या लांब रांगा साफ करायला सुचवलेली ही युक्ती, आणि तिच्यावर बेतलेला मीडियन, म्हणजे मधला आकडा उचलणारा, फिल्टर संगणकावरच्या जिंप या फुकट प्रोग्रॅममध्येही आहे. मी तो वापरला, एकदा नाही, दोनदा. पाणी तुकतुकीत झालं.

पण नऊ पिक्सेलमधला मधलाच पांढरा आणि आठ काळपट, हे वर्णन बिघडलेल्या कणाचं आहे, तसंच फार लांब बसलेल्या पक्ष्याचंही आहे. फिल्टरपुढे दोघांचे आकडे सारखेच. त्याने घाण समजून थवा झाडून टाकला.

चेहरे गुळगुळीत करणारे फिल्टर यावर थोडा तोडगा काढतात. टोमासी आणि मांडुची यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पिक्सेल फक्त आपल्यासारख्या शेजाऱ्यांचंच ऐकतो. फार वेगळ्याचं मत तो मोजतच नाही. म्हणून गालावरची रंध्रं जातात पण भुवईची कड शाबूत राहते, आणि चाळिशीतली आत्याबाई लग्नाच्या फोटोत मेणाची दिसते. आमच्या सोसायटीच्या मीटिंगा याच तत्त्वावर चालतात, असं काकांचं मत.

आतापर्यंतचे सगळे फिल्टर निदान प्रामाणिक म्हणायचे. आकडे बदलतील, हरवतील, पण नसलेलं पीस घालणार नाहीत. २०१५ मध्ये गाटिस, एकर आणि बेथगे यांनी एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारा प्रोग्रॅम, दाखवलं, आणि त्यानंतर फोटोत भरही पडू लागली. लाखो फोटो पाहून शिकलेलं नेटवर्क धूसर चोचीच्या जागी 'साधारण अशी असते' अशी चोच काढून देतं. गणपतीच्या फोटोला चालेल. पण ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला, तिथले पक्षी मोजले जातात, आणि काका अशा फोटोंवरून नोंदी करतात. त्यांना साधारण चोच नको असते.

सुदैवाने मूळ फाइल मी पुसली नव्हती. दुसऱ्या दिवशी चहाला त्यांना ती दाखवली. मान पांढरट, चोच फिकट गुलाबी, टोक काळं. "मोठा," काका म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं. मग पडदा दोन बोटांनी ताणत उजव्या कोपऱ्यात गेले. करडं पाणी, दाणेच दाणे, तिवरांची काळी रेघ. तिच्या खाली, जरा अंतराअंतराने, पांढरे ठिपके. आम्ही दोनदा मोजले. सात.