घरगुती कॉफी रोस्टर : वीजपुरवठा आणि अतिदाबापासून संरक्षण

हिरव्या कॉफीबिया घरी भाजणाऱ्या विजेच्या यंत्राला पुरेशी, स्थिर वीज देणे आणि विजेच्या दाबातील (व्होल्टेजमधील) घातक चढउतारांपासून ते वाचवणे, हा या नोंदीचा विषय. ही यंत्रे साधारणपणे १०० ग्रॅम ते अर्धा किलो बिया १० ते २० मिनिटांत भाजतात. बेहमोर, जीन कॅफे यांसारख्या परिचित यंत्रांचा भार १,३०० ते १,६०० वॉटच्या घरात असतो, म्हणजे इस्त्रीपेक्षा जास्त आणि गीझरपेक्षा कमी.

रोस्टरमध्ये दोन वेगळ्या स्वभावाचे भाग एकत्र नांदतात. हीटर दणकट असतो, क्षणभराच्या वाढीव दाबाने त्याचे सहसा काही बिघडत नाही. ड्रमची मोटर, पंखा आणि हीटरला हुकूम देणारे सर्किट बोर्ड मात्र नाजूक. त्यातही बोर्डावरचा ट्रायक (वीज कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि छोटा पॉवर सप्लाय आधी जातात. बोर्डाला वरून येणाऱ्या दाबाची भीती असते, तर कॉफीच्या चवीला खाली घसरणाऱ्या दाबाची. म्हणून एकच उपकरण विकत घेऊन काम भागत नाही.

हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १,३०० वॉट देणारा हीटर २०० व्होल्टला जेमतेम ९८० वॉट देतो आणि २५० व्होल्टला १,५०० च्या पुढे जातो. दाब १० टक्के उतरला की उष्णता १९ टक्के कमी. बियांचे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की त्या तडतडू लागतात. याला पहिला क्रॅक म्हणतात. नेमक्या या टप्प्यावर दाब पडला तर तापमान रेंगाळते. बियांना रंग येतो, पण चव सपक राहते. त्याच बिया, तेच सेटिंग, तरी सकाळची आणि रात्रीची भाजणी वेगळी का येते, याचे उत्तर पुष्कळदा घरातल्या स्विचबोर्डावरच्या व्होल्टमीटरमध्ये सापडते. त्याच लाइनवर गीझर किंवा मायक्रोवेव्ह चालू असेल तर फरक आणखी वाढतो. यावर स्टॅबिलायझर चालतो, मात्र तो किमान २ केव्हीए क्षमतेचा हवा. रिलेवाला स्टॅबिलायझर दाब टप्प्याटप्प्याने बदलतो. दाब सलग सावरणारा सर्व्हो प्रकार महाग, पण भाजणीसाठी जास्त योग्य.

घातक अतिदाब दोन प्रकारचा असतो. पहिला मायक्रोसेकंदांचा झटका : जवळपास वीज कोसळणे, मोठी मोटर बंद होणे, गेलेली वीज परत येणे. त्यावर झिंक ऑक्साइडच्या कणांपासून बनवलेला व्हॅरिस्टर हा उपाय. ठरावीक दाबापर्यंत तो जवळजवळ काहीच वाहू देत नाही. त्यापुढे एकदम वाहक होऊन झटका वळवतो. मुख्य डीबीमध्ये (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत) टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर आणि यंत्राजवळ टाइप ३ चा, अशी दुहेरी रचना उत्तम. डीबीतल्या प्रोटेक्टरच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात, कारण तारेची लांबीच झटक्याच्या वेळी जादा दाब निर्माण करते. अर्थिंग नसेल तर झटक्याला जमिनीत उतरायला वाट मिळत नाही आणि संरक्षण अर्धवट राहते.

दुसरा प्रकार काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत टिकणारा. खांबावर किंवा डीपीवर (परिसरातल्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला की सिंगल फेज घरातला दाब शेजाऱ्यांच्या भारावर अवलंबून राहतो आणि तो ४०० व्होल्टच्या जवळही जाऊ शकतो. बल्ब डोळे दिपवू लागतात, पंखे सुसाट सुटतात. अशा वेळी स्पाइक गार्डवर (व्हॅरिस्टर बसवलेल्या सॉकेटपट्टीवर) विसंबणे धोक्याचे आहे : त्यातला व्हॅरिस्टर प्रत्येक आवर्तनात वाहत राहून तापतो आणि पेटही घेऊ शकतो. इथे दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफच हवे. आपल्याकडच्या घरांत हे उपकरण स्पाइक गार्डच्याही आधी घ्यावे, असे ठामपणे म्हणता येते.

कटऑफने असो वा भारनियमनाने, वीज तुटली की नवा प्रश्न उभा राहतो. ड्रम थांबतो, पण आतली उष्णता तशीच असते. खालच्या बिया करपतात, सुटलेले टरफल पेटू शकते. हवेच्या झोतावर भाजणाऱ्या यंत्रात पंखा थांबल्याने थर्मल फ्यूज (अति तापल्यास तुटणारा) उडण्याची शक्यता असते. बिया बाहेर ओतता येणाऱ्या यंत्रासाठी जाड हातमोजे आणि मोठी धातूची चाळणी हाताशी ठेवावी. आग लागलीच तर दार बंदच ठेवून प्लग काढावा. लाइट गेल्यावर स्विच बंद करणे तितकेच महत्त्वाचे, कारण साध्या यांत्रिक टायमरचे यंत्र वीज परतताच आपोआप तापू लागते. घरातला नेहमीचा ८००-९०० व्हीएचा इन्व्हर्टर हा भार पेलत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर ट्रायकचे नियंत्रणही बिघडते.

यंत्राला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट द्यावा आणि त्याची वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असावी. बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड टाळावा : तो तापतो आणि वर दाबही खातो. परदेशातून आणलेले १२० व्होल्टचे यंत्र थेट लावले तर हीटर साडेतीनपटीहून अधिक शक्ती खेचून क्षणात जळेल. त्याला २ केव्हीएचा किंवा त्याहून मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. मात्र ट्रान्सफॉर्मर आपल्याकडच्या ५० हर्ट्झचे ६० करू शकत नाही, त्यामुळे सिंक्रोनस मोटरचा (जिचा वेग हर्ट्झवर ठरतो) ड्रम सुमारे १७ टक्के हळू फिरतो. प्रवासी अडॅप्टरमध्ये अर्थची पिन पुष्कळदा नुसती दिखाऊ असते, आणि धातूच्या अंगाच्या यंत्राला ते चालणार नाही.

वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की भिंतीवरचा स्विच बंद करणे पुरेसे नाही. तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. प्लग उपसून काढावा. तापमानाच्या नोंदीसाठी लॅपटॉप यूएसबीने जोडलेला असेल तर तो बॅटरीवरच चालवावा, म्हणजे चार्जरमार्फत झटक्याला दुसरा मार्ग मिळत नाही. व्हॅरिस्टर प्रत्येक मोठ्या झटक्यासरशी थोडा थोडा झिजतो. म्हणून संरक्षणाचा निर्देशक दिवा विझलेला दिसला की सॉकेट चालू असले तरी प्रोटेक्टर बदलून टाकावा.