ऑप्शनल

ऑप्शनल हे निवडीची मोकळीक दाखवणारे इंग्रजी विशेषण. मूळ लॅटिन ‘ऑप्तारे’चे अर्थ दोन : निवडणे आणि इच्छिणे. मराठीत त्यांची वाटणी झाली आहे. ‘इच्छा’पासून ऐच्छिक, ‘विकल्प’पासून वैकल्पिक. कन्नडमध्येही ‘ऐच्छिक’च आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कन्नड फॉर्म वाचून घेताना हा शब्द मराठी माणसाला लगेच कळतो. अडतो तो ‘कड्डाय’पाशी, म्हणजे सक्तीचे. बोलण्यात मात्र ऑप्शनल-कंपल्सरी ही इंग्रजी जोडीच चालते : “तो रकाना ऑप्शनल हाय की ओ, सोडा.”

इथे ‘ऑप्शनल’ म्हणजे सोडला तरी चालणारा. दुसरा अर्थ ‘यादीतून निवडायचा’, आणि घोटाळा होतो तो इथेच. कर्नाटकात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, दोन भाषा आणि चार ऑप्शनल विषय असतात. प्रत्येकी १०० प्रमाणे एकूण ६०० गुण. हे चार विषय गाळता येत नाहीत. मोकळीक फक्त कोणते घ्यायचे एवढीच, तीही कॉलेजात जे गट असतील त्यांपुरती : फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स यांच्या जोडीला बायॉलॉजी की कम्प्युटर सायन्स, असा प्रश्न. एकदा गट ठरला की चारही विषय सक्तीचे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतही तेच. ऑप्शनल विषयाचे २५० गुणांचे दोन पेपर असतात, म्हणजे लेखी १७५० पैकी ५००. यादीत मराठी साहित्य आहे. कोराच ठेवावा असा पर्याय नाही. परीक्षार्थी ‘माझं ऑप्शनल हिस्टरी’ म्हणतात तेव्हा विशेषणाचे सरळ नाम झालेले असते.

अर्थ ताडून पाहायची सोपी युक्ती : शब्दाच्या जागी ‘नाही केले तरी चालेल’ घालून वाक्य वाचावे. बसले तर पहिला अर्थ. न बसल्यास ‘यांपैकी एखादे’ घालावे.

‘व्हॉलंटरी’शी गल्लत होते ती मराठीमुळे, कारण ‘ऐच्छिक’ दोघांनाही चालतो. ऑप्शनल हे वस्तूविषयी किंवा नियमाविषयी सांगते, व्हॉलंटरी करणाऱ्याच्या इच्छेविषयी. म्हणून विषय ऑप्शनल, निवृत्ती व्हॉलंटरी (स्वेच्छानिवृत्ती). हाताचे स्नायूही व्हॉलंटरीच, मराठी पुस्तकात त्यांना ऐच्छिक स्नायू म्हटले तरी. रक्तदान ‘ऑप्शनल’ म्हटले तर व्याकरण चुकत नाही, पण ते कुठल्यातरी फॉर्ममधल्या रकान्यासारखे वाटते. ‘पर्यायी रस्ता’ला ऑप्शनल रोड म्हणणे मात्र चूकच, तिथे ‘ऑल्टरनेट’ हवे.

इस्पितळातला ‘इलेक्टिव्ह’ याच कुळातला, आणि फसवा. इलेक्टिव्ह ऑपरेशन म्हणजे तातडीचे नसलेले, तारीख ठरवून करायचे. हर्नियाचे ऑपरेशन पुष्कळदा असे असते. ‘ऐच्छिक शस्त्रक्रिया’ असे भाषांतर वाचून नातेवाईक ‘मग नको करायला’ म्हणतात. ‘नियोजित’ लिहावे.