शटल (शब्दार्थ व व्युत्पत्ती)

‘शटल’ या इंग्रजी शब्दाचा विणकामातील अर्थ धोटा असा आहे. मागावर ताण्याचे (उभे) धागे वर-खाली अशा दोन थरांत विभागले गेले की त्यांच्यामधल्या फटीतून बाण्याचा (आडवा) धागा या काठापासून त्या काठापर्यंत नेणारे, दोन्ही टोकांना निमुळते आणि पोटात सुताची कांडी बाळगणारे लाकडी साधन म्हणजे धोटा. यंत्रमागाच्या परिसरात राहणारे सोडले, तर बहुतेक मराठी भाषकांना हा शब्द रेल्वे, बॅडमिंटन, शिवणयंत्र किंवा अवकाशयान यांच्यामार्फत भेटतो, आणि म्हणून पुणे-दौंड शटलचा मागाशी असलेला संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

शब्दाचे मूळ मात्र मागाच्याही आधीचे आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ फेकून मारायचे अस्त्र, भाला किंवा बाण असा होता, आणि प्राचीन नॉर्स भाषेतील ‘स्कुटिल’ हा त्याचा सगोत्र शब्द मासे मारण्याच्या भाल्यासाठी वापरला जाई. नेम धरून सोडणे या अर्थाचे ‘शूट’ हे क्रियापद याच कुळातले, तसेच बंद करणे या अर्थाचे ‘शट’ही, कारण त्याचा जुना अर्थ दाराचा अडसर झटक्यात सरकवणे असा होता. तौलनिक भाषाशास्त्राच्या काही कोशांत संस्कृतमधील ‘चुद्’ (प्रेरणे, पुढे लोटणे) हा धातूही याच मुळाशी जोडलेला आढळतो. गायत्री मंत्रातील ‘प्रचोदयात्’ हे त्याचेच रूप. चौदाव्या शतकात ‘शटल’ हा शब्द इंग्रजीत धोट्यासाठी रूढ झालेला दिसतो. नामकरण झाले ते वस्तूच्या आकारावरून नव्हे, तर तिच्या फेकले जाण्यावरून, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी याच साधनाला ‘लहानशी नाव’ या अर्थाचे शब्द दिले. तेथे नजर आकारावर गेली.

धोटा खरोखरच हाताने फेकला जाई. विणकर एका हाताने तो सोडी आणि दुसऱ्या हाताने झेली, त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या आवाक्यापुरताच राही व रुंद कापडासाठी मागावर दोन माणसे लागत. १७३३ मध्ये लँकेशरमधील जॉन के यांनी धावत्या धोट्याचे एकस्व (पेटंट) घेतले. मागाच्या दोन्ही बाजूंना पेट्या बसवून दोरीच्या एका हिसक्याने धोटा पलीकडे धाडण्याची ही युक्ती इतकी परिणामकारक ठरली की विणकरांना पुरेल एवढे सूत कातणाऱ्यांना काढता येईना, आणि सूतकताईची यंत्रे शोधण्याची निकड त्यातूनच वाढली. या साधनाची एक दुःखद बाजूही आहे. कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून बाहेर काढण्यासाठी गिरणी कामगार तोंडाने ओढ घेत. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागल्याने क्षयासारखे रोग पसरण्याचा धोका असे, म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली.

धोट्याच्या अखंड ये-जा करण्यातून पुढचे अर्थ निघाले. सोळाव्या शतकात ‘शटलकॉक’ हा शब्द आला, कारण पिसांचे ते फूल दोन खेळाडूंमध्ये तसेच इकडून तिकडे जाते. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील ब्रिटिश अधिकारी या खेळाची जी आवृत्ती खेळत, ती ‘पूना’ याच नावाने ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरावीक दोन स्थानकांमध्ये फेऱ्या मारणाऱ्या गाडीला शटल म्हणू लागले. १९७४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी इस्रायल आणि अरब राजधान्यांमध्ये ज्या वाटाघाटींच्या फेऱ्या केल्या, त्यांना ‘शटल डिप्लोमसी’ हे नाव मिळाले. १९८१ ते २०११ या काळात अंतराळात जाऊन परतणाऱ्या अमेरिकी यानांच्या १३५ मोहिमा झाल्या, त्याही याच नावाखाली. शिवणयंत्रातील शटलचे नाते तर थेट धोट्याशीच आहे, कारण सुरुवातीच्या यंत्रांत खालचा दोरा वाहून नेणारा भाग होडीच्या आकाराचा असून तो पुढे-मागे सरके.

१९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसलेल्या इचलकरंजीतही आता बिनधोट्याचे माग मोठ्या संख्येने आहेत. प्रत्येक फेरीला जड धोटा वेगाने धाडायचा आणि पुन्हा थांबवायचा, यात शक्ती व वेळ खर्ची पडतो. त्याऐवजी बाण्याचा धागा हवेच्या वा पाण्याच्या झोताने, पकड असलेल्या पट्टीने किंवा एका छोट्या धातूच्या गोळीने पलीकडे नेला जातो. या शेवटच्या प्रकाराला इंग्रजीत ‘प्रोजेक्टाइल लूम’ म्हणतात, म्हणजे फेकल्या जाणाऱ्या अस्त्राचा माग, आणि ‘शटल’चा पहिला अर्थही तोच होता.