बेडकाच्या कातडीतली ढाल

दक्षिण आफ्रिकेतला नखवाला बेडूक प्रयोगशाळांना नवा नव्हता. एके काळी बाईला दिवस गेलेत का हे बघायला तिची लघवी याच्या मादीला टोचत. मादीने काही तासांत अंडी घातली की बातमी पक्की. पुढे जीवशास्त्रज्ञांनी तो पाळला तो त्याच्या मोठाल्या अंडपेशींसाठी. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकल झासलॉफही त्यासाठीच हे बेडूक वापरत. मादीचं पोट चिरायचं, अंडपेशी काढायच्या, टाके घालायचे आणि बेडूक परत टाकीत. टाकीतलं पाणी म्हणजे जंतूंचं आगर. तरी जखमा चिघळत नव्हत्या. हे इतरांनीही पाहिलं असणार, पण झासलॉफना त्याचं नवल वाटलं.

१९८७ मध्ये त्यांनी बेडकाच्या कातडीतून जंतू मारणारी दोन पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, वेगळी काढल्याचं जाहीर केलं. प्रत्येकात जेमतेम २३ अमिनो आम्लं. नाव ठेवलं मॅगेनिन. हिब्रूत ‘मागेन’ म्हणजे ढाल. नाव छान आहे, पण मला ते जरा चुकलेलं वाटतं. ढाल वार अडवते. हे पेप्टाइड तर भोकं पाडतं.

भोक कशाला? जिवाणूच्या पेशीपटलाला. हे पटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. रेणूंची डोकी पाण्याकडे, तेलकट शेपट्या आत. जाडी साधारण ४ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशी अडीच लाख पटलं एकावर एक मावतील. जिवाणूच्या पटलात ऋण भाराची डोकी भरपूर असतात, अगदी बाहेरच्या बाजूलासुद्धा. आपल्या पेशींतही ऋण भाराचे मेद आहेत, पण ते आतल्या थरात ठेवलेले. बाहेर दिसतात ती उदासीन डोकी. शिवाय आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, त्याने ते घट्ट राहतं. मॅगेनिनवर लायसीन हे धन भाराचं अमिनो आम्ल चार ठिकाणी, म्हणजे चार धन भार. त्यामुळे ते जिवाणूकडे ओढलं जातं आणि आपल्या पेशीजवळून बहुतेक वेळा तसंच निघून जातं. आपला कोण, परका कोण, याचा निवाडा इतक्या साध्या गोष्टीवर!

पाण्यात हे पेप्टाइड सुटलेल्या दोऱ्यासारखं असतं, त्याला धड आकार नसतो. पटलाला टेकलं की त्याची गुंडाळी होते, स्प्रिंगसारखी. या गुंडाळीच्या एका अंगाला पाण्याशी जमणारी, भारित अमिनो आम्लं येतात आणि दुसऱ्या अंगाला पाण्याला नाक मुरडणारी, तेलकट. मग तेलकट अंग खाली करून ते डोक्यांच्या रांगेत आडवं रुतून बसतं.

एकट्यादुकट्याने काही होत नाही. पण पेप्टाइडं येत राहतात, डोकी बाजूला सरकतात, पटल ताणून पातळ होतं. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की काही पेप्टाइडं आडवी होती ती उभी घुसतात आणि त्यांच्याबरोबर मेदाचे रेणूही वळतात. वरचा थर वाकून खालच्याला मिळतो. मेदूवड्याच्या भोकाची आतली कड आठवा, ही कडही तशीच गोलसर असते. त्या वाटेने जिवाणूच्या आतलं पोटॅशियम बाहेर पळतं, आतबाहेरचा विद्युतदाब कोसळतो आणि पेशीचा ऊर्जेचा कारभार बंद पडतो.

पेनिसिलिन जिवाणूच्या ठरावीक एन्झाइमांत कुलपात किल्लीसारखं बसतं. मॅगेनिनला असं कुलूप लागत नाही, याचा एक झकास पुरावा आहे. सजीवांची प्रथिनं ‘डाव्या’ अमिनो आम्लांची असतात. १९९० मध्ये संशोधकांनी मॅगेनिन सगळ्या ‘उजव्या’ अमिनो आम्लांपासून बनवलं, म्हणजे आरशातलं प्रतिबिंबच. उलटी किल्ली कुलपात बसायला नको होती. जिवाणू मात्र पहिल्यासारखेच मेले.

मग याचं औषध का नाही झालं? प्रयत्न झाला. मॅगेनिनमध्ये फेरफार करून पेक्सिगॅनन नावाचं मलम आलं, मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी. १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मंजुरी नाकारली. पेप्टाइडाचा जोर वाढवायला जावं तर दुसरीच पंचाईत होते: तेलकटपणा वाढला की ते आपल्याही पेशी फोडू लागतं. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन तसंच आहे. २६ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड जिवाणू आणि तांबड्या रक्तपेशी दोन्ही फोडतं.

पटल तर जिवाणूला बदलता येणार नाही, म्हणून या पेप्टाइडांना तो सरावणार नाही, अशी आशा होती. पटल नाही, पण त्यावरचा भार बदलता येतो. कोलिस्टिन हे एका जिवाणूनेच बनवलेलं धन भाराचं पेप्टाइड. बाकी प्रतिजैविकं हरली की अतिदक्षता विभागात शेवटी हेच काढतात. २०१५ मध्ये चीनमध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडलं, डुकरांत आणि रुग्णांतही. ते असलेला जिवाणू आपल्या बाहेरच्या आवरणातल्या मेदाला एक छोटा रेणू चिकटवतो. त्याने ऋण भार घटतो आणि कोलिस्टिनची पकड सुटते. वाईट म्हणजे हे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालण्याची पद्धत आपल्याकडेही होती; २०१९ मध्ये केंद्र सरकारने माणसांच्या अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.