ज्या वॉर्डात चुका जास्त ‘दिसतात’

‘औषधांच्या बाबतीत शून्य चुका’ अशी एका रुग्णालयाची जाहिरात हल्लीच पाहण्यात आली. ती वाचून भरवसा वाटायच्या ऐवजी माझी धाकधूकच वाढली. शेकडो खाटा, तीन पाळ्या, रोजचे हजारो डोस. एवढ्या पसाऱ्यात चूक झालीच नाही यापेक्षा झालेली चूक कुणी सांगितली नाही, हेच जास्त संभवतं. सांगावं की गिळून टाकावं, हे बऱ्याच अंशी ठरतं वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरच्या स्वभावावर. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत हे पद परिसेविकेचं. तिच्या हाताखाली अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, आणि वर अधिसेविका, म्हणजे आपली मेट्रन.

बोस्टनच्या दोन मोठ्या रुग्णालयांत १९९३ साली सहा महिने औषधांच्या चुकांचा कसून अभ्यास झाला. डेव्हिड बेट्स, लुशन लीप आणि सहकाऱ्यांनी ४,०३१ रुग्णांचे प्रवेश तपासले. केसपेपर रोज चाळले जात, आणि नर्सेस व फार्मासिस्ट यांना स्वतःहून सांगायलाही उत्तेजन दिलं जाई. टाळता येण्याजोग्या अपायांपैकी ५६ टक्क्यांचं मूळ औषध लिहून देताना झालेल्या चुकीत होतं, तर ३४ टक्क्यांचं प्रत्यक्ष देताना झालेल्या चुकीत. मला अस्वस्थ करणारा आकडा मात्र पुढचा आहे. लिहिण्यातल्या ४८ टक्के चुका रुग्णापर्यंत पोचण्याआधी पकडल्या गेल्या; देतानाच्या चुकांपैकी एकही नाही. साहजिक आहे. डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला तर मध्ये फार्मासिस्ट असतो, नर्स असते. नर्सच्या हातून सुई टोचली गेली की पुढे फक्त रुग्ण.

म्हणजे या शेवटच्या टप्प्यावर काय घडलं, हे कित्येकदा एकाच माणसाला ठाऊक असतं.

याच कामाला जोडून हार्वर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या एमी एडमंडसन यांनी आठ वॉर्डांत प्रश्नावली फिरवली. तुमच्या टीमचं आपसात जमतं का, इनचार्ज कशी वागते, असे प्रश्न. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघाव्यात ही अपेक्षा. निघालं उलटंच. ज्या वॉर्डांत एकोपा चांगला, तिथे चुकांचा दर जास्त! हजार रुग्णदिवसांमागे (एका रुग्णाचा वॉर्डातला एक दिवस म्हणजे एक रुग्णदिवस) एका वॉर्डात सुमारे २.३ चुका, तर दुसऱ्यात सुमारे २३.७. मग यातलं काहीही माहीत नसलेल्या एका सहायकाला वॉर्डांत बसवून निरीक्षण करायला लावलं. कुठे इनचार्ज स्वतः रुग्णांपाशी राबायची आणि चुकांबद्दल मोकळेपणी बोललं जायचं. कुठे बंद दाराआड झाडाझडती व्हायची. मोकळीक आणि नोंदलेल्या चुका एकाच दिशेने वाढत होत्या. हा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला.

इथे थोडं गणित करू, कारण खरी मजा त्यातच आहे. नोंदलेल्या चुका म्हणजे घडलेल्या चुका गुणिले सांगितलं जाण्याची शक्यता. समजा, एका वॉर्डात ३० चुका घडल्या आणि ८० टक्के बाहेर आल्या: नोंद २४. दुसऱ्यात ६० घडल्या, बाहेर आल्या १० टक्के: नोंद ६. वहीत दुसरा वॉर्ड चौपट चांगला, प्रत्यक्षात दुप्पट वाईट.

मग न दिसलेल्या चुका मोजायच्या कशा? तळ्यातले मासे मोजतात तशा. काही मासे पकडून, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं आणि खूण असलेले किती आले ते पाहायचं. इथे पहिलं जाळं म्हणजे नर्सेसनी स्वतः सांगितलेल्या चुका, समजा १२. दुसरं जाळं केसपेपरची तपासणी: २०. दोन्हींत आलेल्या ४. तर एकूण अंदाज १२ गुणिले २० भागिले ४, म्हणजे ६०. सापडलेल्या २८ वजा जाता ३२ लपलेल्या.

पण सूत्राची अट अशी की दोन्ही जाळी एकमेकांवर अवलंबून नसावीत. घाबरलेल्या वॉर्डात जी चूक तोंडाने सांगितली जात नाही, ती केसपेपरवरही उतरत नाही. तिथे ‘डोस दिला’ म्हणून सही असते. सांगितलेल्या चुका मात्र बहुतेक दोन्हीकडे सापडतात. सामाईक ४ ऐवजी १० झाल्या की अंदाज २४ वर येतो, आणि लपलेल्या चुका उरतात फक्त २. भीती चुका लपवते आणि लपवल्याची खूणही पुसते.

वॉर्डात हे कसं उतरतं? रात्री दोनला ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइडचे सारखे दिसणारे अँप्यूल शेजारी पडलेत. पोटॅशियम पातळ न करता शिरेतून झटकन गेलं तर हृदय बंद पडू शकतं. नर्सच्या हातात चुकीचं अँप्यूल आलं, लेबल वाचताना ते लक्षात आलं, बाजूला ठेवलं. इजा कोणालाच नाही. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, ती हे बोलली, तर इनचार्ज पोटॅशियम ट्रेमधून काढून वेगळ्या कपाटात हलवू शकते. याआधी अशाच कबुलीवर कुणाला मेमो मिळाला असेल, लेखी खुलासा द्यावा लागला असेल, तर ती गप्प बसते आणि अँप्यूल तिथेच राहतं.

याचा अर्थ नोंदी जास्त म्हणजे वॉर्ड उत्तम, असा नव्हे. आठ वॉर्ड हा नमुना लहान आहे, आणि खरोखरच गलथान वॉर्डही भरपूर नोंदी देऊ शकतो. त्यातून हल्ली ‘ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप’च्या, म्हणजे माणसांना प्रेरणा देऊन बदल घडवणाऱ्या नेतृत्वाच्या, दोन दिवसांच्या कार्यशाळा निघाल्या आहेत, लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्राने वॉर्ड सुधारतो ही श्रद्धा खाटेला लिंबू-मिरची बांधण्याच्याच जातीची. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या २००२ सालच्या अभ्यासात नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांना आढळलं, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत दर नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. रात्रपाळीला एकटीच असलेल्या सिस्टरला इनचार्जच्या गोड बोलण्याने दुसरे दोन हात फुटत नाहीत.

वॉर्डांची तुलना करायचीच तर कुणाच्या कबुलीवर न अवलंबणाऱ्या खुणा शोधाव्या लागतात. मॉर्फिन जास्त झाल्यावर द्यायचं नॅलोक्सोन, रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनच्या अतिरेकावर व्हिटॅमिन के, इन्शुलिननंतर साखर घसरली की द्यायचं २५ टक्के डेक्स्ट्रोज. ही उताऱ्याची औषधं कोणत्या रुग्णाला गेली, ते पाहून त्याचा केसपेपर मागे मागे वाचत जायचं. अनेक ठिकाणी तपासणीची ही पद्धत आज वापरात आहे, आणि तिची सुरुवात फार्मसीच्या इंडेंटपासून, म्हणजे औषधांच्या मागणीपत्रापासून, होते.