४१ चे ४३ कसे झाले: क्वीन्सलँड विधानसभेतील पक्षांतरांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याला १९२२ पासून वरिष्ठ सभागृह नाही. त्यामुळे विधानसभेतले दोन-तीन आमदार इकडचे तिकडे झाले, तरी सरकारचे गणित हलते. १९५७ मध्ये लेबर पक्षाने तीन आठवड्यांच्या पगारी रजेच्या वादावरून आपल्याच प्रीमियरची (म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्र्याची) हकालपट्टी केली. उपनेता सोडून सारे मंत्रिमंडळ प्रीमियरमागे गेले, दोन महिन्यांत सरकार कोसळले आणि लेबर ३२ वर्षे सत्तेबाहेर फेकला गेला.

खरा गुंता १९८३ चा. नॅशनल आणि लिबरल या पक्षांच्या युतीचे सरकार होते. ऑगस्टच्या सुरुवातीला एका लिबरल मंत्र्याने लोकलेखा समितीच्या विषयावर विरोधकांच्या बाजूने मत दिले. सरकारी खर्च तपासणारी समिती असावी, एवढीच मागणी! त्याचे मंत्रिपद गेले; पण काही दिवसांतच लिबरल आमदारांनी त्यालाच नेता निवडले. प्रीमियरने मात्र त्याला मंत्रिमंडळात घ्यायला साफ नकार दिला.

मंत्री कोण असावेत हे प्रीमियर ठरवतो, हे खरे. पण मित्रपक्षाचा नेता कोण असावा, हेही तोच ठरवणार असेल, तर त्या युतीला युती का म्हणायचे? नव्या नेत्याने टीव्ही कॅमेऱ्यांसमोर युतीचा करार टराटरा फाडला. दृश्य जोरदार होते, पण प्रीमियरला हवे तेच आयते हाती पडले. लिबरल मंत्री बाहेर पडले आणि निवडणुकीपर्यंत सभागृह भरलेच नाही.

२२ ऑक्टोबरचा निकाल: ८२ पैकी नॅशनल ४१, लेबर ३२, लिबरल ८, अपक्ष १. म्हणजे बरोबर निम्मे, आणि त्यातला एक अध्यक्षाच्या खुर्चीवर गेला की समोरचे एकाने जास्त. मग लिबरलच्या आठांपैकी दोन माजी मंत्री नॅशनलमध्ये गेले, ४१ चे ४३ झाले आणि ते दोघे पुन्हा मंत्री झाले. मतदारांनी त्यांना लिबरल म्हणून निवडले त्याला जेमतेम काही दिवस झाले होते.

मराठीत आपण या दोन्ही प्रकारांना सरसकट पक्षांतर म्हणून मोकळे होतो. ऑगस्टमधल्या माणसाने एका मतापुरती बाजू ओलांडली, पक्ष सोडला नाही; ऑक्टोबरमधल्या दोघांनी पक्षच बदलला. पहिल्याचे मंत्रिपद गेले, दुसऱ्यांना मिळाले. आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टासारखा पक्षांतरबंदी कायदा तिथे नसल्याने आमदारकी कुणाचीच गेली नाही. पुढे भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर त्या दोघांनाही मंत्री म्हणून मिळालेल्या खर्चाच्या पैशांच्या गैरवापराबद्दल तुरुंगात जावे लागले. लोकलेखा समितीही १९८८ मध्ये झाली, तीही नॅशनलच्याच राजवटीत.

त्यानंतर गळतीच जास्त दिसते. १९९८ मध्ये वन नेशन या पक्षाचे ११ आमदार निवडून आले; १९९९ संपेपर्यंत त्या नावाखाली बसणारा एकही उरला नव्हता. २००८ मध्ये नॅशनल आणि लिबरल विलीन झाले. २०१२ मध्ये या एकत्रित पक्षाने ८९ पैकी ७८ जागा जिंकल्या आणि वर्ष सरता सरता तिघे बाहेर पडले. जानेवारी २०१७ मध्ये त्याच पक्षाचा एक माजी मंत्री वन नेशनमध्ये गेला, म्हणजे निवडणूक न लढताच त्या पक्षाला सभागृहात पुन्हा बाक मिळाला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत तो हरला.